मारुती ८००: भंगार आणि वारसा यांच्यामध्ये

१४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८००ची किल्ली ग्राहकाच्या हाती पडली. जानेवारी २०१४ मध्ये गुरगावच्या कारखान्यात या मॉडेलचे उत्पादन थांबले. मधल्या तीस वर्षांत पंचवीस लाखांहून अधिक गाड्या रस्त्यावर आल्या. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन, बारा इंची चाके, साडेतीन मीटरहून कमी लांबी आणि सुरुवातीला पन्नास हजार रुपयांच्या आतली किंमत, एवढ्या भांडवलावर या गाडीने भारतीय मध्यमवर्गाचा प्रवास बदलून टाकला. आता ती रस्त्यांवरून झपाट्याने कमी होते आहे. ही गाडी पुढे कधी ‘क्लासिक’ म्हणून जपली जाईल का, असा विषय निघाला की बोलणे बहुधा बाजारभावाकडे वळते. पण त्यामागचा प्रश्न मूल्याचा आहे. स्वस्त असावी म्हणूनच घडवलेली, लाखोंच्या संख्येने निघालेली आणि वापरून झिजलेली वस्तू आदराला पात्र कशी होते? आणि झालीच तर आदर नेमका कशाचा होतो?

असे घडल्याची उदाहरणे आहेत. फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींहून अधिक निघाली. फोक्सवॅगन बीटलची संख्या दोन कोटी दहा लाखांच्या पुढे गेली आणि तिची शेवटची गाडी जुलै २००३ मध्ये मेक्सिकोतल्या पुएब्ला इथे तयार झाली. इटलीच्या सामान्य कुटुंबांसाठी १९५७ साली आलेली फियाट ५०० आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात आहे. संग्रहालयाने ती २०१७ साली मिळवली. या गाड्यांविषयी एवढे म्हणता येते की त्यांची रचनाच मुळात उत्तम होती आणि जगाला ते ओळखायला वेळ लागला. म्हणजे मूल्य वस्तूतच होते, फक्त झाकलेले होते.

ट्राबांटच्या बाबतीत हे स्पष्टीकरण टिकत नाही. पूर्व जर्मनीतल्या झ्विकाऊ शहरात १९५७ पासून बनणारी ही गाडी टू-स्ट्रोक इंजिनावर चाले आणि मागे निळसर धूर सोडत जाई. पोलादाच्या टंचाईमुळे तिचे बाह्यांग कापसाच्या टाकाऊ धाग्यांत राळ मिसळून केलेल्या ड्युरोप्लास्टचे असे. ती मिळवण्यासाठी लोक दहा-दहा वर्षे थांबत, कारण दुसरे काही मिळण्याची आशा नव्हती. नोव्हेंबर १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली, पश्चिमेच्या जुन्या गाड्या हाताशी आल्या आणि ट्राबांट रस्त्याच्या कडेला सोडून दिल्या जाऊ लागल्या. पुढे त्याच बर्लिनमध्ये पर्यटक पैसे मोजून ट्राबांट चालवू लागले, संग्राहक तिचे सुटे भाग शोधू लागले. इंजिन तेच, धूर तोच, बाह्यांगही तेच. बदलले होते ते एवढेच की जिने ती घडवली ती राजवट नाहीशी झाली होती, आणि तिच्या छायेत जगलेल्या माणसांना आपले आयुष्य हातात धरून दाखवता येईल अशा वस्तू फार थोड्या उरल्या होत्या. तेव्हा मूल्य सर्वस्वी गाडीच्या अंगी असते, हे म्हणणे सोडावे लागते. पण ते लोकांच्या लहरीवर असते असेही यातून निघत नाही. ट्राबांटऐवजी पूर्व जर्मनीतला कोणताही खटारा त्या जागी बसला नसता. लाखो आयुष्ये तिच्याशीच बांधलेली होती.

वस्तू हलक्या आणि मोलाच्या कशा ठरतात, याचा एक उलगडा मायकेल थॉम्पसन या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने १९७९ सालच्या ‘रबिश थिअरी’ या ग्रंथात केला. त्याच्या मते समाज वस्तूंचे दोन उघड वर्ग करतो. एका वर्गातल्या वस्तूंची किंमत दिवसेंदिवस घटते, दुसऱ्यातल्यांची वाढते. पहिल्या वर्गातून दुसऱ्यात थेट जाता येत नाही. मध्ये एक तिसरा, न मोजला जाणारा वर्ग असतो: कचरा. घटत घटत किंमत शून्याला आली, कोणाचे लक्ष उरले नाही, की त्या दुर्लक्षाच्या काळातच एखादी वस्तू कोणाच्या तरी नजरेत भरते आणि वरच्या वर्गात जाते. याचा अर्थ असा की जवळजवळ प्रत्येक क्लासिकला भंगाराच्या दारातून जावे लागते, आणि बहुतेक वस्तू त्या दारातून परत येत नाहीत.

भारतीय कायद्यात हे दार आकड्यांनी आखलेले आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते. पुढे चालवायची तर तपासणी करून पुन्हा नोंदणी करावी लागते. एप्रिल २०२२ पासून चारचाकीसाठी त्याचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले. दिल्ली परिसरात १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली उचलून धरली आणि तिच्याभोवतीचे वाद पुढेही चालत राहिले. दुसऱ्या टोकाला जुलै २०२१ चा केंद्रीय नियम आहे: पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेली, चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल न केलेली गाडी ‘व्हिंटेज’ ठरते, तिला ‘व्हीए’ मालिकेचा वेगळा क्रमांक मिळतो, आणि मग ती रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही. पंधराव्या वर्षी जी ओझे ठरते तीच पन्नासाव्या वर्षी वारसा ठरते. मधली ३५ वर्षे कायद्याच्या लेखी गाडीला मान नाही. असलाच तर संशय आहे. पहिली मारुती ८०० डिसेंबर २०३३ मध्ये पन्नाशी गाठेल. शेवटच्या खेपेतल्या गाड्यांना २०६४ पर्यंत तग धरावा लागेल. ज्या काळात कोणी विचारत नाही त्या काळात गाडी सांभाळणारा माणूस, क्लासिक घडण्यातला सर्वांत महत्त्वाचा दुवा, नियमांच्या चौकटीत कुठेच दिसत नाही. ही त्या चौकटीतली खरी उणीव आहे.

वस्तू वाचली असे धरले, तरी तिच्यात काय जपायचे हा प्रश्न राहतो. व्हिएन्नाचा कलेतिहासकार आलोइस रीग्ल याने १९०३ साली स्मारकांविषयी लिहिताना एक उपयोगी भेद केला. एखादी वस्तू इतिहासाचा पुरावा म्हणून मोलाची असू शकते. तेव्हा ती जशी होती तशी टिकवणे महत्त्वाचे. पण वस्तूवर उमटलेल्या काळाच्या खुणा, तिची झीज, तिचे उडालेले रंग यांनाही स्वतंत्र मूल्य असते, आणि ते जाणवायला विद्वत्ता लागत नाही. ही दोन मूल्ये एकमेकांना छेद देतात. दुरुस्ती केली की काळ पुसला जातो, न केली तर वस्तूच जाते. शिवाय माणसाला नव्या कोऱ्या वस्तूचे आकर्षण असतेच, त्यामुळे तिसरीच ओढ काम करू लागते.

जुन्या मारुतीत ही ओढाताण स्पष्ट दिसते. कारखान्यातून निघताना एकाच रंगाच्या दोन गाड्या सारख्याच होत्या. वॉल्टर बेंजामिनने १९३६ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात म्हटले होते की यंत्राने काढलेल्या प्रतींत मूळ कृतीचे ‘इथे आणि आत्ता’ असलेले तेज उरत नाही. आणि मोटारीला तर मूळ प्रत अशी नसतेच. पण तीस वर्षांनी त्या दोन गाड्या पाहाव्यात. एकीच्या डॅशबोर्डवर गणपती चिकटवलेल्या जागी डिंकाचा गोल डाग आहे, स्टिअरिंगचे प्लास्टिक एका बाजूला घासून गुळगुळीत झाले आहे, मागच्या सीटच्या रेक्झिनला उसवलेल्या शिवणीवर घरच्या दोऱ्याने घातलेले टाके आहेत. दुसरीला सीएनजीची टाकी बसवली होती, म्हणून डिकीच्या पत्र्यावर पट्ट्यांचे व्रण आहेत. प्रतींना नसलेले तेज वापराने दिले. त्या एकीला आता डेंटिंग-पेंटिंग करून, सीट नव्याने मढवून शोरूममधल्यासारखे चकाचक केले, तर बाजारात तिला अधिक पैसे येतील, आणि जिच्यामुळे ती इतर लाखो गाड्यांहून वेगळी झाली ती गोष्ट गेलेली असेल. रोजच्या गाडीच्या बाबतीत तरी झिजेच्या बाजूने कौल देणे योग्य. राजेरजवाड्यांच्या रोल्स-रॉइसला चकाकी शोभते, कारण ती चकाकण्यासाठीच घेतली होती. मारुती राबण्यासाठी घेतली होती.

इथून प्रश्न अधिक कठीण भागाकडे, वस्तूच्या ओळखीकडे जातो. तीस वर्षे चाललेल्या गाडीत मूळचे काय उरते? क्लच प्लेट, ब्रेक शू, रेडिएटर, सायलेन्सर, टायर हे सगळे अनेकदा बदललेले असते. गंजलेले दरवाजे दुसऱ्या गाडीचे असतात, कधी इंजिनही. योगायोग असा की या प्रश्नाची भारतातली सर्वांत प्रसिद्ध चर्चा एका वाहनाभोवतीच झाली आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ग्रीक वंशाचा राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला त्याच्या ‘स्व’विषयी प्रश्न विचारतो. नागसेन उलट विचारतो, महाराज पायी आलात की रथाने? रथाने. मग रथ म्हणजे आस का? चाके का? जू का? साटा का? या सगळ्यांहून निराळे असे काही रथ आहे का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो आणि अखेर कबूल करतो की हे सगळे भाग मिळून ‘रथ’ हे व्यवहारातले नाव पडते. नागसेनाला दाखवायचे होते ते हे की माणसातही अशी वेगळी, न बदलणारी गाभ्याची वस्तू नाही.

न्याय-वैशेषिकांनी हे मानले नाही. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे पूर्ण वस्तू, ही अवयवांच्या बेरजेहून निराळी आणि खरी असते. वस्त्र धाग्यांत राहते पण धागे म्हणजे वस्त्र नव्हे. पण या मताची किंमत त्यांना मोजावी लागली. वस्त्रातून एक धागा काढला तर जुने वस्त्र नष्ट होऊन नवे वस्त्र उपजते, असे त्यांना म्हणावे लागले. हा हिशेब मोटारीला लावला तर प्रत्येक सर्व्हिसिंगनंतर मालक नवी गाडी घरी आणतो. ग्रीक परंपरेत प्लूटार्कने थीसियसच्या जहाजाच्या रूपाने हाच पेच मांडला, आणि १६५५ साली हॉब्जने त्यात भर घातली: काढलेल्या जुन्या फळ्या जमवून कोणी दुसरे जहाज जोडले, तर खरे कोणते? मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, जिथे मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग सुटे होऊन विकले जातात, हॉब्जच्या जहाजाला लागणारे सगळे साहित्य मिळते.

कायद्याने या वादात आपली बाजू निवडली आहे. चासी, बॉडी आणि इंजिन हा गाभा; तो मूळचा असला की गाडी मूळची, बाकी सुटे भाग बदलले तरी चालतात. व्यवहाराला ही रेघ सोयीची आहे. पण धार्मिक परंपरांनी याच प्रश्नाला दिलेले उत्तर अधिक समृद्ध वाटते. जपानमधील इसे येथील देवस्थान दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर जसेच्या तसे नव्याने उभारले जाते. अलीकडे ते २०१३ साली झाले. पुरीत जगन्नाथाच्या यात्रेचे रथ दर वर्षी नवे बनतात, तरी जगन्नाथाचा रथ नंदिघोष हा नंदिघोषच असतो. नवकलेवराच्या वर्षी, जसे १९९६ आणि २०१५ साली, लाकडी मूर्तीच नव्या घडवल्या जातात आणि जुन्या मूर्तीतला ‘ब्रह्मपदार्थ’ नव्या मूर्तीत ठेवला जातो. वेरूळचे घृष्णेश्वर मंदिर आज दिसते ते अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी उभे केलेले आहे, म्हणून कोणी भाविक त्या ज्योतिर्लिंगाला अडीचशे वर्षांचे समजत नाही. या सगळ्या ठिकाणी द्रव्य बदलते. टिकते ते घडवण्याचे ज्ञान, ते ज्यांच्या हाती आहे त्यांची परंपरा, आणि ज्यासाठी वस्तू घडवली ते कार्य. इसेचे सुतारकाम वीस वर्षांच्या फेऱ्यामुळेच एका पिढीकडून दुसरीकडे जाते.

मोटारीला हे लावले तर जपण्याची गोष्ट बदलते. कार्बोरेटरच्या मारुतीचे ट्यूनिंग कानाने करणारा मिस्त्री, चोक किती ओढायचा हे सांगणारा हात, पत्र्याचा पोचा हातोडीने काढणारा डेंटर, हे ज्ञान संपले तर काचेमागे उभी असलेली गाडी मूळ चासी-इंजिनासह निव्वळ पत्रा आहे. हे ज्ञान जिवंत असेल आणि अर्धे भाग नवे असले तरी ती मारुती ८०० आहे. नागसेनाचे म्हणणे सुट्या भागांपुरते खरे आहे. रथाला आस आणि चाके यांखेरीज रथकारही लागतो, आणि ‘रथ’ या नावामागे तोही उभा असतो.

वापराचा प्रश्न यातूनच येतो. मार्टिन हायडेगरने १९२७ सालच्या आपल्या मुख्य ग्रंथात दाखवले की हातातले हत्यार नीट चालते तोवर ते जाणवतच नाही. ते मोडले की पहिल्यांदा वस्तू म्हणून समोर येते. रोजची गाडी अशीच अदृश्य असते. कामावर जाणे, मुलांना शाळेत सोडणे, आजाऱ्याला रात्री दवाखान्यात नेणे, यात लक्ष माणसांकडे असते. तिच्याकडे लक्ष जाते ते ती बंद पडल्यावर किंवा नाहीशी झाल्यावर. म्हणून क्लासिक होणे हे एका अर्थी तिचे मूळचे असणे संपल्याची खूण आहे. ऐतिहासिक वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना फिवा हिच्या व्याख्येतही तेच आहे: गाडी किमान ३० वर्षांची हवी, ऐतिहासिकदृष्ट्या योग्य स्थितीत हवी, आणि रोजच्या वाहतुकीसाठी वापरात नको.

महाराष्ट्रातल्या घरांत वाहनाला मान देण्याची जी रीत आहे ती याच्या उलट बाजूने जाते. खंडेनवमीला किंवा दसऱ्याला गाडी धुऊन, झेंडूची माळ घालून, हळदकुंकू लावून तिची पूजा होते. हत्यारांची, अवजारांची, नांगराची पूजा होते तशीच. ती पूजा वयाची नाही आणि दुर्मीळतेचीही नाही. चालू कामाची आहे. काल घेतलेल्या स्कूटरला आणि वीस वर्षांच्या टेम्पोला सारखेच कुंकू लागते. अवजार उपकार करते आणि त्या उपकाराची जाणीव ठेवायची, एवढा त्याचा आशय. जिचे काम संपले ती मूर्तीदेखील पाण्यात सोडण्याची ही संस्कृती आहे. प्रत्येक वस्तू धरून ठेवावी असा तिचा आग्रह कधीच नव्हता. तेव्हा मारुतीला क्लासिक म्हणून मान द्यायचा तर या भूमीवर तो कृतज्ञतेच्या वाटेने येणे अधिक स्वाभाविक आहे. संग्राहकाचे कौतुक त्याच्या नंतर येते.

पण कृतज्ञता कोणाची, हेही विचारले पाहिजे. मुंबईच्या काळ्यापिवळ्या प्रीमियर पद्मिनीने हा प्रश्न उभा केला. फियाट ११०० वर आधारलेली ही गाडी वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बने. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली, आणि टॅक्सीला मुंबईत २० वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये तिचा काळ संपला. त्या दिवसांत शहराने मनापासून हळहळ व्यक्त केली, एखादी तरी गाडी संग्रहालयात ठेवावी अशी मागणी झाली. ती मागणी रास्त होती. तरीही हळहळणारे बहुतेक मागच्या सीटवर बसलेले होते. मे महिन्याच्या उन्हात बॉनेटची धग सोसत, स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा दिवसभर ओढत, पॉवर स्टिअरिंगशिवाय गर्दीतून वाट काढणाऱ्या चालकाची आठवण वेगळी होती, आणि नव्या, थंड हवेच्या गाडीत बसण्याची त्याची इच्छा जराही कमी प्रतीची नव्हती. पद्मिनीचे जे स्मारक या श्रमांबद्दल गप्प राहील ते खोटे असेल.

मारुतीच्या बाबतीत मालक आणि चालक बहुधा एकच होते, म्हणून हा अन्याय तिथे कमी घडतो. तिथला आक्षेप हवेचा आहे. जुन्या कार्बोरेटरच्या इंजिनाचा धूर शहरातल्या मुलांच्या फुप्फुसात जातो, आणि कोणाच्याही आठवणीचा हक्क त्याहून मोठा नाही. हा आक्षेप पूर्ण मान्य करूनही जपणुकीला जागा उरते, कारण जपायच्या गाड्या लाखो नाहीत. काहीशे गाड्या वर्षातून थोड्या वेळा चालल्याने शहराची हवा बिघडत नाही; लाखो गाड्या मोडीत काढताना त्यांतल्या काहीशे वेगळ्या काढण्याची सोय नसणे हे मात्र भरून न येणारे नुकसान आहे.

या सर्वांवरून उत्तर असे दिसते. मारुती ८०० क्लासिक होईल, पण सगळ्या नाही, आणि आपोआप नाही. १९८३ ते १९८६ मधल्या पहिल्या पिढीच्या गाड्या थोड्या उरल्यामुळे आणि आरंभाच्या म्हणून आधी मान मिळवतील. १९८६ नंतरच्या, खऱ्या अर्थाने घरोघरी पोचलेल्या गाड्यांना वाट पाहावी लागेल, आणि नेमक्या त्याच गाड्यांत त्या काळाचे आयुष्य अधिक साठलेले आहे. त्यांतली एखादी वाचायची तर झीज न पुसता, चालू स्थितीत, तिच्या मालकाची आणि मिस्त्रीची नोंद लिहून ठेवून वाचवली पाहिजे: कोणत्या गावाची, कोणी घेतली, कोणत्या कामाला आली, काय काय बदलले, कोणी बदलले. पन्नास वर्षांचा नियम इंजिन आणि बॉडी मूळची आहे का एवढेच विचारतो. गाडीबरोबर अशी वहीही वाचलेली असावी, ही अट कोणताही नियम घालत नाही. ती अट मालकांना, गॅरेजवाल्यांना आणि संग्रहालयांना स्वतःलाच घालून घ्यावी लागेल, आणि त्यासाठी २०३३ ची वाट पाहण्याचे कारण नाही.